सासूबाईंच्या गाडीतला थेंब

आमच्या गाडीत पाणी शिरतं ही बातमी मला पहिल्यांदा माझ्या पँटने दिली.

सकाळी कचेरीत पोचलो, साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, "बसा" म्हणाले म्हणून बसलो. काम झालं, उठलो, तर साहेब खुर्चीकडे बघतच राहिले. खुर्चीवर माझ्या बैठकीचा ओला नकाशा उमटला होता. साहेब सभ्य गृहस्थ. मला एका शब्दाने काही बोलले नाहीत. शिपायाला बोलावून हळू आवाजात म्हणाले, "ही खुर्ची जरा उन्हात ठेव." आता केस पिकलेल्या माणसाने अशा वेळी खुलासा करावा तरी पंचाईत, न करावा तरी पंचाईत. "साहेब, ते गाडीतलं पाणी आहे," असं म्हटलं असतं तर साहेबांना वाटलं असतं, सगळे असंच सांगतात.

त्यातून मी विमा कचेरीतला माणूस. वाहनात पाणी शिरल्याचे दावे माझ्याच टेबलावर येतात आणि माझ्याच टेबलावरून परत जातात. "पाणी आपणहून शिरत नाही, निष्काळजीपणामुळे शिरू दिले जाते," हे माझं ठरलेलं वाक्य. ते लिहिताना माझं पेन कधी अडलं नव्हतं. त्या दिवशी जरा अडलं.

गाडी सासूबाईंची. म्हणजे लोक म्हणतात सासूबाईंनी जावयाला गाडी दिली, आणि सासूबाई म्हणतात, "गाडी जावईबापूंकडे ठेवलीय." या दोन वाक्यांमध्ये किती अंतर आहे ते ज्याला सासू आहे त्यालाच कळेल. बाईंनी ही गाडी उभा जन्म स्वतः चालवली. घाट चढवली, चिखलातून काढली, एकदा तर म्हणे पुढे कुत्रं आडवं आलं तेव्हा गाडी अशी वळवली की कुत्र्याने मागे वळून पाहिलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "हिला ओरबाडू नका."

मी ओरबाडली नाही. फक्त दारांची रबरं म्हातारी झाली. दाराच्या चौकटीभोवती ती काळी पट्टी असते ना, पाऊस-वारा बाहेर ठेवणारी, ती इतकी वाळली होती की बोट लावलं की बोटच काळं व्हायचं. खालच्या कोपऱ्यात तर ती फाटून लोंबत होती.

एरवी मी सीटवर प्लॅस्टिकची पिशवी घालून आयुष्य काढलं असतं. पण त्या संध्याकाळी बायको फोन खाली ठेवत म्हणाली, "अहो, आईच्या ऑपरेशनची तारीख ठरली. इथल्याच डॉक्टरांकडे. ती आपल्याकडेच राहणार आहे."

"छान झालं," मी म्हणालो.

"डॉक्टरांनी बजावलंय, ऑपरेशननंतर डोळ्यात पाण्याचा थेंबही जाता कामा नये. थेंब गेला तर जंतू जातात, आणि मग डोळा वाचेलच असं नाही म्हणाले."

"मग आपण भाड्याची गाडी करू."

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सासूबाईंना हातगाडीवरून न्यायचं सुचवलंय. "मी विचारलं तिला. ती म्हणाली, माझी गाडी दारात असताना मी परक्याच्या गाडीत कशाला बसू?"

सासूबाई गाडीत नेहमी पुढे, चालवणाऱ्याच्या शेजारी बसतात. आणि नेमक्या त्याच सीटवर, दर ब्रेकला, वरून एक थेंब पडायचा. टप्. मी तिथे बसून पाहिलं. थेंब उजव्या भुवईवर पडला. ऑपरेशन उजव्या डोळ्याचं होतं.

*

रबरवाल्याने गाडीचं मॉडेल ऐकलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "चालते?"

"चालते म्हणजे? आत्ता तिच्यातूनच आलोय."

तो उठून बाहेर आला, गाडीभोवती फिरला, बॉनेटवर हात ठेवला. मी म्हणालो रबर पाहिजे, तर म्हणाला, हिचं रबर बनवणाऱ्या कारखान्याचीच रबरं झिजून गेली. पण कुठल्याही गाडीला चालेल अशी पट्टी आहे. जाड देऊ की पातळ?

आता असं विचारल्यावर पातळ मागणारा माणूस मला दाखवा. मी म्हणालो, "चांगलं असेल ते द्या." त्याने जाड दिलं.

सुट्टीच्या सकाळी मी इमारतीच्या अंगणात जुनी पट्टी सोलून काढली, चौकट पुसली, डिंक लावला आणि नवी पट्टी ठोकत ठोकत बसवली. समोरच्या घरातले निवृत्त भूगोलाचे मास्तर हात मागे बांधून उभे होते. ते जगातल्या प्रत्येक पाण्याकडे नदी म्हणूनच बघतात. "तुम्ही मुखाशी काम करताय," ते म्हणाले. "उगम शोधलात का?"

"मास्तर, आधी दार तर लागू दे."

दार लागेना. रबर एवढं गुबगुबीत होतं की दार गादीवर आपटल्यासारखं परत यायचं. शेवटी मी आत बसलो, हँडल दोन्ही हातांनी धरलं, पाय समोर रोवले आणि सगळं बळ लावून ओढलं. खटकन दार लागलं. कानांत दडे बसले. बाहेरचा आवाज बंद. पाण्याची काय बिशाद, हवासुद्धा शिरली नसती. कौतुकाने मी त्या पट्टीवरून हात फिरवला.

मग उतरायला गेलो. दार उघडेना. खांदा लावला. उघडेना. बाकीची तीन दारं मी आधीच याच पद्धतीने लावून घेतली होती. काचा खाली होईनात, कारण नवी पट्टी ठोकताना काचेच्या फटीतही मी तिचा एक तुकडा दाबून बसवला होता. बाहेर मास्तर तोंड हलवत होते. एकेक शेजारी जमत गेला. प्रत्येकाने काचेला नाक लावून काहीतरी सल्ला दिला आणि मला तो फक्त दिसला. एकाने हाताने पोहण्याची खूण केली. त्याचा अर्थ मला अजून कळलेला नाही.

शेवटी मास्तरांनी मागे जाऊन डिकी उघडली. मी मागच्या सीटची पाठ पाडली आणि स्टेपनीवरून रांगत निघालो. डोकं बाहेर काढलं, तर समोर बॅग हातात घेऊन सासूबाई. दुसऱ्या दिवशी येणार होत्या, आदल्या दिवशीच आल्या होत्या.

त्यांनी डोळे बारीक केले. "कोण आहे डिकीत?"

"मी, आई."

"जावईबापू?" त्यांनी बॅग खाली ठेवली. "आमच्या वेळेला पुढच्या दाराने उतरायचे."

*

रबरवाल्याकडे परत गेलो. तो म्हणाला, "मग पातळ न्यायचं होतं."

"तुम्हीच जाड दिलंत!"

"तुम्ही चांगलं मागितलंत."

पातळ पट्टी मात्र झकास बसली. मास्तरांनी सुचवलं म्हणून मी कागदाची परीक्षा घेतली: वर्तमानपत्राची पट्टी दारात धरायची, दार लावायचं आणि ओढायची. सहज निघाली तर तिथे फट. एकही सहज निघाली नाही. बहुतेक फाटल्या. मला वाटलं आता कोणीतरी येऊन माझा सत्कार करावा.

माणसाला यश आलं की त्याने थांबावं. मी नाही थांबलो. दारं पुसता पुसता प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला मला बारीक भोकं दिसली. लांबट, व्यवस्थित, ओळीने. मी म्हटलं, बघा! एवढं रबर लावलं आणि ही भोकं तशीच! मी सीलंटची नळी घेतली आणि एकूण एक भोक बुजवलं. वर बोटाने गुळगुळीत केलं.

आता पाणी मारून बघायचं. पण आमच्या इमारतीत गाडी धुवायला बंदी आहे. सेक्रेटरी खाली आले. ते फार नियमाचे. स्वतःच्या नातवालाही लिफ्टमध्ये वजन विचारून घेतात.

"धुवायला परवानगी नाही," ते म्हणाले.

"धुणार नाही. तपासणार आहे."

"पाणी तेच ना?"

"पाणी तेच, पण हेतू वेगळा."

त्यावर त्यांनी बराच विचार केला. वैद्यकीय कारण आहे हे बायकोने समजावून सांगितलं, सासूबाईंनी गॅलरीतून दुजोरा दिला. तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "ठीक आहे. नळी फक्त दारांवर मारायची. टपावर मारलीत की ते धुणं झालं."

मी आत बसलो. मास्तरांनी नळी धरली आणि नियमाच्या चौकटीत राहून चारही दारांवर मनसोक्त पाणी मारलं. काचांवरून धबधबे वाहत होते आणि मी आत कोरडा ठणठणीत. एका काचेच्या अंतरावर एवढं पाणी आणि माझ्या मांडीवर थेंब नाही! पाणबुडीतल्या माणसाला असंच वाटत असणार. मी सासूबाईंना हाक मारली, "चला आई, एक चक्कर मारून आणतो."

पहिल्या वळणावर सासूबाई म्हणाल्या, "इथे नदी आहे का हो जवळपास?"

"नाही."

"मग मला ऐकू कशी येतेय?"

मी ब्रेक लावला. मागून पुढे, आणि मग पुढून मागे, सावकाश एक लाट गेली. खळ्ळ्. गाडी थांबली तरी लाट थांबली नव्हती. सासूबाईंनी दाराच्या आतल्या बाजूला कान लावला आणि बोटाने टकटक केलं, जसं आपण कलिंगडावर करतो. खालून वर टकटक करत गेल्या. एका जागी आवाज बदलला.

"इथपर्यंत भरलंय," त्या म्हणाल्या.

दारात पाणी भरलं होतं. चारही दारांत.

अंगणात परत आलो. दार उघडलं तर ते एखाद्या तिजोरीच्या दारासारखं जड झालेलं. सासूबाईंनी अंबाड्यातला आकडा काढून माझ्या हातात दिला. मी खाली बसून माझंच सीलंट टोकरलं. बूच निघालं आणि दाराच्या पोटातून पाण्याची धार लागली. आधी लाल, गंजाची. मग काळी. मग कुजलेली पानं. मग स्वच्छ. ती धार संपेचना. मास्तर आले, सेक्रेटरी आले, बायको हातातली कणीक तशीच घेऊन आली. एवढ्याशा पातळ दारात एवढं पाणी राहतं तरी कुठे?

"म्हणजे," बायको हळूच म्हणाली, "ती भोकं मुद्दाम ठेवलेली होती."

मी भोकाकडे बघत राहिलो. काच वर-खाली व्हायची म्हणजे दाराला वरून फट राहणारच. फटीतून पाणी येणारच. ते ज्याने दार बनवलं त्याला ठाऊक होतं. त्याने पाण्याशी भांडण काढलं नाही. त्याला यायला वाट दिली, दाराच्या पोटातून जाऊ दिलं आणि खालून निरोप दिला. रबराचं काम एवढंच, की पाहुण्याने बैठकीच्या खोलीत शिरू नये. इतकी वर्षं या दारांमधून पाऊस गपचूप येऊन जात होता, आणि मी शेजारी बसून रेडिओ ऐकत होतो! मला एकदम त्या अनोळखी माणसाला नमस्कार करावासा वाटला. तसा मी गुडघ्यांवर होतोच.

"आता उगमाकडे वळू," मास्तर म्हणाले.

*

उगमाची गरज दुसऱ्याच दिवशी पडली. दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. आम्ही तिघं दारांची परीक्षा घ्यायला छत्री घेऊन धावत गाडीत जाऊन बसलो. दारं चोख होती. भोकांतून पाणी सुतासारखं खाली जात होतं. मी सुस्कारा टाकला, आणि, टप्. सासूबाईंच्या उजव्या भुवईवर.

बायको रडायच्या बेतात आली. ऑपरेशन परवावर आलं होतं.

"रडू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "तो येतो कुठून ते बघ. मला दिसत नाही, तुम्ही दोघं बघा."

मग आम्ही बघितलं. आयुष्यात मी इतकं लक्ष देऊन काही बघितलं नसेल. बायकोने मोबाईलचा उजेड धरला. छताच्या कापडाच्या कडेला एक ओलसर रेघ होती. सासूबाईंनी हात वर केला आणि बोटांच्या टोकांनी कापड चाचपत मागे मागे सरकल्या. "इथे गार आहे. इथेही गार. इथून ते वळतंय." त्यांची बोटं छताच्या पार मागच्या भागापर्यंत गेली, जिथे बाहेरून रेडिओचं एरियल बसवलेलं होतं. मी कापडाची कड अलगद सोडवली. आतल्या पत्र्यावर, एरियलच्या नटाच्या टोकाला, एक थेंब तयार होत होता.

आम्ही श्वास रोखला. थेंब फुगला, लोंबला आणि पडला नाही. पत्र्याला धरून चालायला लागला. एका वळीतून पुढे आला, वायरीवर चढला, वायरीवरून दुसऱ्या वळीत उतरला, जरा थांबला, मागून येणाऱ्या थेंबाला बरोबर घेतलं आणि पुढे निघाला. एवढा मोठा टप ओलांडून, वाटेत कुठेही न सांडता, तो पुढच्या कडेला आला आणि तिथे दबा धरून बसला. मी गाडी जराशी पुढे घेऊन ब्रेक दाबला, गाडी डुलली.

टप्.

कचेरीत मी चिवट अर्जदार खूप पाहिलेत. पण मागच्या एरियलपासून पुढच्या भुवईपर्यंत इतक्या निष्ठेने पाठपुरावा करणारा एकही पाहिला नाही. मी माझ्या टेबलावर ज्याला निष्काळजीपणा म्हणत आलो तो हा! माझी मान आपोआप खाली गेली.

"सुरेख," सासूबाई भुवई पुसत म्हणाल्या. "आता बंद करा."

एरियलखालची रबरी चकती विरून गेली होती. रबरवाल्याचं दुकान पावसामुळे बंद. बायकोने घर पालथं घातलं. चपलेचा तळ फार जाड, फुग्याचं रबर फार पातळ. तेव्हा सासूबाईंनी आपल्या बॅगेतून गरम पाण्याची पिशवी काढली. कंबर शेकायची, लाल, रेघारेघांची.

"अहो आई, ही कशी कापायची?"

"कापा. इतकी वर्षं हिने पाणी आत ठेवलं, आता बाहेर ठेवील."

पाऊस थांबल्यावर मी तिची गोल चकती कापली, मधे भोक पाडलं, एरियलखाली बसवली आणि नट आवळला. सेक्रेटरी बघत होते. मी काही विचारायच्या आतच ते म्हणाले, "टपावर मारा. मी पाठ करून उभा राहतो." आणि खरंच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मास्तरांनी टपावर पाणी मारलं. आत सासूबाई मान वर करून, डोळे मिटून बसल्या होत्या. आम्ही वाट पाहिली. मी गाडी जराशी पुढे घेऊन ब्रेक दाबला. परत दाबला. काही आलं नाही.

*

ऑपरेशन नीट झालं. पण डोळ्यावर पट्टी बांधून सासूबाईंना बाहेर आणलं तेव्हा नेमकं कोसळत होतं. दवाखान्याच्या छपराखाली मी गाडी इतकी भिंतीला लावली की एक आरसा दुमडला. घरापर्यंतच्या रस्त्यात बायको मागच्या सीटवरून पुढे वाकून आईच्या डोळ्यावर तळहाताचं छप्पर धरून बसली होती. मी समोर कमी आणि वर जास्त बघत होतो. खड्डा आला, वळण आलं, एक रिक्षा आडवी आली. आमच्यावर पाऊस ढोल वाजवत होता. थेंब आला नाही. घरी पोचल्यावर मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. सासूबाई म्हणाल्या, "ब्रेक जरा हळू दाबत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली, सगळं ठीक आहे म्हणाले आणि काळा चष्मा दिला. परत निघालो तेव्हा पाऊस रिमझिम चालू होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना झाडं, पुढे गाड्यांची रांग, माझा वायपर चालू.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "गाडी बाजूला घ्या."

माझ्या काळजाचं पाणी झालं. "पडला का थेंब?"

"घ्या ना."

मी बाजूला घेतली. त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि समोरच्या काचेकडे पाहिलं. बायको ओरडणार होती, पण आईचा चेहरा बघून गप्प बसली.

"ते बंद करा," त्यांनी वायपरकडे बोट दाखवलं.

मी बंद केला. काचेवर थेंब जमायला लागले. आधी सुटे सुटे, मग दाट.

"अगं," सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "यांना कडा असतात."

त्यांनी एका थेंबावर आतून बोट टेकवलं.

"मला वाटायचं पाऊस म्हणजे धूर. इतकी वर्षं धूरच दिसायचा." त्या पुढे वाकल्या. "आणि हे बघा, प्रत्येक थेंबात झाड आहे. उलटं. अगं, प्रत्येकात आहे!"

बायको मागून पुढे आली. मीही वाकलो. खरंच होतं. एकेका थेंबात एकेक झाड, डोकं खाली, बुंधा वर, आणि त्याच्याखाली आभाळाचा इवलासा तुकडा. थेंब घसरला की झाडही घसरायचं, दुसऱ्याला भेटायचं आणि मोठं व्हायचं. सगळ्या पावसाळ्यात मी थेंबांच्या मागे लागलो होतो, आणि थेंबाच्या आत बघायचं मला सुचलं नव्हतं.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. रेनकोट घातलेला वाहतूक पोलीस. त्याने काच खाली करायची खूण केली. मी आणि बायको एकदमच हात जोडून ओरडलो, "नको, नको! डोळा!" त्याला ऐकू गेलं नाही. त्याने आत वाकून पाहिलं, तर तीन माणसं पुढच्या काचेला नाकं लावून बसलेली. तो गाडीच्या पुढे गेला, आम्ही बघत होतो त्या जागी बाहेरून निरखून बघितलं. मग माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे तो जरा जास्त वेळ थांबला.

मला ओशाळल्यासारखं झालं. निघावं म्हणून मी वायपरच्या बटणाकडे हात नेला.

"पुसू नका," सासूबाई म्हणाल्या.

मी हात मागे घेतला. पोलिसाने शिट्टी तोंडात धरली, आमच्या गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून मागच्या सगळ्या गाड्यांना आमच्या बाजूने वळवून पुढे पाठवू लागला.